वाचकांचे प्रश्न : खोके गेले, रिकामे कार्ट्रिज राहिले

प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजविषयी गेल्या काही महिन्यांत आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील कपाटात अकरा रिकामी कार्ट्रिज साठली आहेत. काही लेझर प्रिंटरची आहेत, काही इंकजेटची. नवे कार्ट्रिज बसवले की त्याचे खोके आणि आतील काळी पिशवी त्याच दिवशी कचऱ्यात जात असे. मूळ वेष्टन नसेल तर अशी कार्ट्रिज कोणी परत घेत नाही, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय? नसल्यास ती कशात बांधून पाठवावीत?

उत्तर : सहकाऱ्यांचा समज चुकीचा आहे, मात्र तो कोठून आला असावा हे समजण्यासारखे आहे. नव्या कार्ट्रिजसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ‘जुने कार्ट्रिज याच खोक्यात घालून परत पाठवावे’ अशा अर्थाची सूचना पुष्कळदा असते. ती सहसा अट नसते, सोय असते. बरोबर मापाचे खोके हाताशीच आहे, तर तेच वापरा, एवढाच तिचा अर्थ. परत आलेल्या कार्ट्रिजवर पुढे जी प्रक्रिया होते तिच्यात खोक्याला काहीही काम नाही. शिवाय आपण खोके जपून ठेवले असते तरी कार्ट्रिज पहिल्यासारखे बांधता आले नसतेच. लेझर प्रिंटरच्या बऱ्याच कार्ट्रिजमधून, ज्यांत टोनर म्हणजे छपाईची पूड असते, वापरापूर्वी जी लांब पट्टी ओढून काढावी लागते, ती पट्टी म्हणजेच टोनरच्या कप्प्याचे झाकण असते, आणि ती एकदा निघाली की पुन्हा बसत नाही.

तेव्हा खोके विसरावे आणि त्याच्यासह आलेले सामान कोणकोणती कामे करीत होते एवढे पाहावे. काळी पिशवी प्रकाश अडवीत होती, टोपणे आणि चिकटपट्ट्या गळती थांबवीत होत्या, पुठ्ठ्याचे किंवा हवेच्या फुग्यांचे साचे धक्के सोशीत होते. यांपैकी कोणते काम आता करून घ्यावयाचे आहे, हे आपले कार्ट्रिज कोठे जाणार यावर ठरते. रिकाम्या कार्ट्रिजपुढे दोन वाटा असतात. एका वाटेने ते उघडून, स्वच्छ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा भरले जाते. दुसऱ्या वाटेने त्याचे तुकडे करून प्लास्टिक आणि धातू वेगळे काढले जातात. पुन्हा भरावयाचे असेल तर ते नव्या वस्तूच्या काळजीने बांधावे लागते, आणि तुकडेच व्हावयाचे असतील तर ते वाटेत सांडले नाही म्हणजे पुरे. म्हणून बांधायला बसण्यापूर्वी ज्यांना देणार त्यांना एवढे एकच विचारून घ्यावे की ते ही कार्ट्रिज पुन्हा भरतात की वितळवतात. काही उत्पादक कंपन्या परत घेतलेली कार्ट्रिज पुन्हा भरीत नाहीत, ती केवळ मोडून त्यांतील साहित्य वापरतात. अशा कंपनीकडे पाठवताना ड्रमवर, म्हणजे लेझर कार्ट्रिजमधील छपाईच्या नळीवर, ओरखडा पडेल या काळजीने तीन-तीन थर गुंडाळत बसण्यात काही अर्थ नाही.

आता लेझरच्या कार्ट्रिजकडे वळू. कॅनन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये वैयक्तिक वापरासाठी छोटे कॉपियर बाजारात आणले, तेव्हा यंत्रातील जे भाग लवकर झिजतात ते सर्व, म्हणजे ड्रम, टोनरचा कप्पा, रोलर आणि साफ करणारी पाती, एकाच बदलता येण्याजोग्या डब्यात घातले. हेतू असा, की दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बोलावण्याची गरजच पडू नये. दोन वर्षांनी ह्यूलेट-पॅकार्डने कॅननच्याच यंत्रणेवर आपला पहिला लेझरजेट प्रिंटर काढला आणि हा डबा जगभर पसरला. अनेक प्रिंटरमध्ये आजही तीच रचना आहे. तिचा परिणाम असा होतो, की टोनर संपला म्हणून आपण जे फेकतो त्यात फक्त पूड संपलेली असते आणि रोलर, दाते, चौकट, कधी कधी तर ड्रमसुद्धा आणखी एक फेरी करण्याच्या स्थितीत असतो. पुन्हा भरण्याचा सगळा व्यवसाय याच गोष्टीवर उभा आहे.

ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमची नळी, आणि तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असलेल्या सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर. अंधारात या थरावर विद्युत्भार टिकतो आणि जेथे लेझरचा किरण पडतो तेथून तो निघून जातो. अशा रीतीने उमटलेल्या अदृश्य चित्राला टोनर चिकटतो. प्रकाश पडला की भार सोडणे हे ज्याचे कामच आहे, त्याला खिडकीजवळ तासन्‌तास उघडे ठेवले तर तो थकणारच. म्हणून पुन्हा भरण्यासाठी द्यावयाचे कार्ट्रिज आधी स्वच्छ, कोऱ्या कागदात गुंडाळून मग जाड, अपारदर्शक पिशवीत घालावे. काळी पिशवी असल्यास उत्तम, नसल्यास जाड तपकिरी कागदाचे दोन थरही चालतात. वर्तमानपत्र थेट ड्रमला लागू देऊ नये, कारण त्याची शाई सुटते. ड्रमला बोट लावू नये, कारण बोटाचे तेल त्या थरावर राहते आणि पुढे छपाईत डाग म्हणून दिसते. आणि काहीही झाले तरी चिकटपट्टी ड्रमवरून फिरवू नये. पट्टी लावणे भागच असेल तर ती बाहेरच्या प्लास्टिकवर लावावी. काही कार्ट्रिजना ड्रम झाकणारी सरकती झडप असते, ती मिटलेली आहे एवढे पाहिले म्हणजे अर्धे काम झाले.

गळतीविषयी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टोनर संपल्याचे प्रिंटरने सांगितले म्हणजे कार्ट्रिज रिकामे झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात ड्रमवरचा सगळा टोनर कागदावर उतरत नाही. जो मागे राहतो तो पात्याने खरवडला जाऊन, जेथे ड्रम आणि टोनर एकाच डब्यात असतात तेथे, त्याच कार्ट्रिजमधील वेगळ्या कप्प्यात जमा होतो. म्हणजे भरणीचा कप्पा रिता होत असताना हा उकिरड्याचा कप्पा भरत असतो, आणि कार्ट्रिज ‘संपते’ तेव्हा तो सर्वांत भरलेला असतो. वाटेत काळी पूड सांडते ती बहुधा येथूनच. म्हणून लेझरचे कार्ट्रिज आडवे, ज्या स्थितीत ते प्रिंटरमध्ये बसते साधारण त्याच स्थितीत ठेवावे, ते हलवू किंवा आपटू नये, आणि प्रत्येकाला स्वतंत्र बंद पिशवी द्यावी. अकरा कार्ट्रिज एकाच मोठ्या पिशवीत घातली तर एकाची गळती इतर दहांना काळे करते.

इंकजेटची कार्ट्रिज दोन जातींची असतात. काहींमध्ये शाईबरोबर प्रिंटहेडही असते, म्हणजे तळाशी सूक्ष्म छिद्रांची एक चकचकीत पट्टी आणि बाजूला तांब्याच्या रंगाचे विद्युत्-संपर्क दिसतात. इतर नुसत्या शाईच्या टाक्या असतात, आणि त्यांचे प्रिंटहेड प्रिंटरमध्येच राहते. टाकीला फारसे जपण्याचे कारण नाही, तिचे तोंड बंद राहिले म्हणजे झाले. प्रिंटहेडवाल्या कार्ट्रिजचा जीव मात्र त्या छिद्रांत असतो. शाई वाळली की छिद्रे बुजतात, आणि मग ते पुन्हा भरून उपयोग होत नाही. छिद्रे सुकू नयेत म्हणून अनेक जण त्यांवर टिपकागद किंवा कापूस दाबून ठेवतात, पण त्याने नेमके उलटे होते: दिव्याची वात तेल ओढते तसा तो कागद आत उरलेली शाई ओढून घेतो आणि छिद्रे अधिक लवकर कोरडी पडतात. साधी चिकटपट्टीही नको, कारण तिचा गोंद छिद्रांत शिरतो. नव्या कार्ट्रिजवरचे मूळ प्लास्टिकचे टोपण एखादे उरले असेल तर ते बसवावे, नसेल तर छिद्रांची बाजू वर ठेवून, कशाचाही दाब येणार नाही अशा रीतीने, घट्ट मिटणाऱ्या छोट्या पिशवीत ते ठेवावे. पण इतके करूनही वेळ फारसा मिळत नाही. आपल्या कपाटात जी इंकजेट कार्ट्रिज बराच काळ पडून आहेत, ती भरण्याच्या कामाची राहिलेली नसावीत असे धरून चालावे आणि ती सरळ साहित्य वेगळे करणाऱ्यांकडे द्यावीत. तेथे वाळलेली छिद्रे कोणाला खटकत नाहीत.

यातून एक अडचण उभी राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. एकेक कार्ट्रिज पाठवीत बसण्यापेक्षा दहा-बारा साठवून एका फेरीत पाठवणे वाहतुकीच्या दृष्टीने नक्कीच शहाणपणाचे आहे, परंतु साठवण्याच्या काळात इंकजेटची कार्ट्रिज निकामी होत जातात. माझा कल असा आहे, की लेझरची कार्ट्रिज खुशाल साठवावीत आणि भरावयाची इंकजेट कार्ट्रिज मात्र संपल्याबरोबर, एक असले तरी, हातावेगळी करावीत.

बाहेरच्या खोक्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. कोणतेही मजबूत पुठ्ठ्याचे खोके चालते. तळाशी चुरगळलेला कागद, मध्ये पिशवीतील कार्ट्रिज, फटींत पुन्हा कागद. खोके बंद करून हलवले असता आत काही सरकल्याचा आवाज येऊ नये. लेझर आणि इंकजेट वेगवेगळ्या खोक्यांत ठेवावीत, आणि मूळ खोक्यावर छापलेला मॉडेल क्रमांक आता हाताशी नसल्याने, कार्ट्रिजच्या अंगावरील चिठ्ठीवरून तो पाहून पिशवीवर लिहून ठेवावा. वेगळे करणाऱ्या माणसाचा वेळ सर्वांत जास्त वाचतो तो या एका ओळीने.

पुढच्या वेळी हा प्रश्नच पडू नये अशी इच्छा असेल तर नवे कार्ट्रिज काढल्या क्षणी, त्याची पिशवी अजून हातातच असताना, जुने तिच्यात घालावे. संध्याकाळपर्यंत ठेवलेली पिशवी कचऱ्यातच जाते, हा माझाही अनुभव आहे.

प्रश्न : आमच्याकडील कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘एकदाच वापरावे आणि कंपनीलाच परत करावे’ अशी अट छापलेली होती. खोके आता नाही. हे कार्ट्रिज आम्ही दुसऱ्या कोणाला पुन्हा भरण्यासाठी दिले तर आम्ही काही गैर करतो काय?

उत्तर : वेष्टनाचा प्रश्न कायद्याच्या दारात गेला तो नेमका अशाच अटीमुळे. लेक्समार्क ही अमेरिकी कंपनी आपली टोनर कार्ट्रिज दोन प्रकारे विकत असे. पूर्ण किंमत दिल्यास कोणतेही बंधन नव्हते. सुमारे २० टक्के सवलत घेतल्यास कार्ट्रिज एकदाच वापरण्याचे आणि कंपनीखेरीज इतर कोणालाही न देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर येत असे, आणि ते पाळले जावे म्हणून कार्ट्रिजमध्ये चिपही बसवलेली असे. तरीही सवलतीची रिकामी कार्ट्रिज गोळा करून, चिपवर तोड काढून, ती पुन्हा भरून विकणारे व्यावसायिक होतेच. त्यांच्यापैकी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीवर लेक्समार्कने पेटंटच्या भंगाचा दावा लावला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

३० मे २०१७ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने सांगितले, की पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरील त्याचा पेटंटचा हक्क संपतो, मग विक्रीच्या वेळी त्याने कोणतीही बंधने घातलेली असोत, आणि विक्री देशात झालेली असो वा परदेशात. निकालात जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण घेतले आहे. मोटारीतील हजारो सुट्या भागांपैकी प्रत्येकाच्या पेटंटधारकाला पहिल्या विक्रीनंतरही हात घालता आला, तर असे दुकान चालणारच नाही.

तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा निकाल अमेरिकेत बंधनकारक आहे, आणि इतर देशांचे कायदे आपापल्या रीतीने चालतात. दुसरे असे, की न्यायालयाने पेटंटचा हक्क संपल्याचे सांगितले, विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यातील कराराचा प्रश्न त्याने वेगळा ठेवला. आपल्या संस्थेने सवलत घेऊन लेखी करार केला असेल तर तो खोके फेकल्याने नाहीसा होत नाही. खरेदीची कागदपत्रे काढून पाहावीत. त्यांत तसे काही नसेल तर हरवलेल्या खोक्याची काळजी करीत बसण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रश्न : जुनी कार्ट्रिज बांधताना एक हातातून निसटले आणि टेबलावर, कपड्यांवर काळी पूड पसरली. ती गरम पाण्याने पुसू लागलो तर डाग अधिकच बसला. असे का झाले?

उत्तर : कारण टोनर ही शाई नाही. ते मुख्यत्वे प्लास्टिक आहे. रंगद्रव्य मिसळलेल्या या प्लास्टिकचे कण साधारण ५ ते १० मायक्रोमीटर आकाराचे असतात, आणि प्रिंटरच्या तापलेल्या रोलरखाली मऊ होऊन कागदाला चिकटणे हेच त्यांचे काम. गरम पाण्याने आपण तेच काम थोड्या प्रमाणात कपड्यावर केलेत. यापुढे असे झाल्यास कपडा आधी मोकळ्या हवेत हळूच झटकावा, कोरड्या फडक्याने टिपावा आणि मग थंड पाण्याने धुवावा. हातही थंड पाण्यानेच धुवावेत. टेबलावरची पूड किंचित ओलसर कागदाने गोळा करावी. ती फुंकू नये, कारण ती डोळ्यांत आणि श्वासात जाते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये. इतके बारीक कण त्याच्या साध्या गाळणीतून पलीकडे निघून खोलीभर पसरतात, आणि हवेत पसरलेल्या या पुडीला मोटारीच्या ठिणगीने पेट घेता येतो. मोठ्या प्रक्रिया केंद्रांत कार्ट्रिजचे तुकडे करताना पूड शोषून घेण्याची आणि तिने पेट घेऊ नये अशी वेगळी व्यवस्था करावी लागते ती याचमुळे. याच कारणासाठी रिकामे कार्ट्रिज कधीही जाळू नये.

प्रश्न : आम्ही गोपनीय कागद छापतो. कार्ट्रिज बाहेर देताना त्यातून आमचा मजकूर कोणाच्या हाती लागू शकतो काय?

उत्तर : लेझर आणि इंकजेट कार्ट्रिजच्या बाबतीत ही भीती बाळगू नये. त्यांच्या चिपमध्ये अनुक्रमांक, छापलेल्या पानांची संख्या, उरलेल्या शाईचा अंदाज, पहिल्या वापराचा दिवस अशी माहिती असते, छापलेला मजकूर नसतो. गोपनीयतेची काळजी खुद्द प्रिंटर विकताना करावी, कारण मोठ्या कार्यालयीन यंत्रांमध्ये हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदांच्या प्रती राहू शकतात.

मात्र एक जात याला अपवाद आहे. ओळखपत्रे छापणारी यंत्रे, छायाचित्रे छापणारे काही छोटे प्रिंटर आणि साध्या कागदावर छापणारी काही जुनी फॅक्स यंत्रे यांत शाईऐवजी पातळ फिल्मची गुंडाळी असते. उष्णतेने त्या फिल्मवरचा रंग जेथून कागदावर किंवा कार्डावर उतरतो, तेथे फिल्मवर रिकामी जागा राहते. त्यामुळे वापरलेली गुंडाळी उलगडली की छापलेले प्रत्येक नाव, क्रमांक आणि चेहरा, काळ्यावर पांढरे कोरल्यासारखा, क्रमाने वाचता येतो. कागद फाडण्याचे यंत्र असलेल्या कित्येक कार्यालयांत ही गुंडाळी मात्र जशीच्या तशी टोपलीत पडलेली मी पाहिली आहे. अशी गुंडाळी चौकटीतून काढून कात्रीने बारीक कापावी, किंवा खात्रीच्या नाशव्यवस्थेकडे द्यावी, आणि मग उरलेली प्लास्टिकची चौकट पुनर्चक्रणासाठी पाठवावी.

प्रश्न : आमच्याकडील काही कार्ट्रिज मूळ कंपनीची नाहीत, स्वस्त पर्यायी आहेत. मूळ कंपनी ती घेत नाही आणि रिफिल करणाराही ‘ही नकोत’ म्हणतो. मग करावे काय?

उत्तर : दोघांचेही वागणे त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. कंपन्या सहसा स्वतःच्याच नावाची कार्ट्रिज परत घेतात. भरणाऱ्याला हवी असतात ती मूळ कंपनीची, शक्यतो पूर्वी एकदाही न भरलेली, कारण त्यांची चौकट आणि रोलर दुसऱ्या फेरीला टिकण्याची शक्यता अधिक असते. पर्यायी कार्ट्रिज अनेकदा इतके काटकसरीने बनवलेले असते, की ते उघडून दुरुस्त करण्याचा खर्च नव्याच्या किमतीपेक्षा जास्त येतो. स्वस्ताईची ही बाजू खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

अशा कार्ट्रिजसाठी नाव न पाहता सर्व कार्ट्रिज घेणारे इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे अधिकृत संकलन केंद्र शोधावे. तेथे चुंबकाने लोखंडी भाग, वेगळ्या यंत्राने ॲल्युमिनियम आणि त्यानंतर प्लास्टिकचे प्रकार अलग केले जातात, आणि तेथील यंत्राला चिठ्ठीवरील नावाशी कर्तव्य नसते. देताना ते ही कार्ट्रिज स्वतः मोडतात की पुढे कोणाला विकतात, आणि पोहोचल्याची पावती देतात काय, हे विचारावे. पावती देण्यास कोणी काचकूच करू लागल्यास दुसरे केंद्र पाहावे. तोपर्यंत ही कार्ट्रिज, प्रत्येक आपल्या पिशवीत, आडवी आणि उन्हापासून दूर ठेवली तर खुशाल राहतील.